तांबड्या फडक्यातली पट्टी

केरबातात्यांच्या पेटीला कुलूप नव्हतं, आणि नेमकं तेच मला खटकत होतं. ज्याला काही लपवायचंय तो पेटी उघडी कशाला ठेवेल? की उघडी ठेवली म्हणजे कुणाला संशय येत नाही, एवढा पुढचा विचार म्हाताऱ्यानं केला होता?

गुढीपाडव्याचा दुसरा दिवस, दुपारची जेवणाची सुट्टी. सगळे बाहेर लिंबाच्या झाडाखाली डबे सोडून बसले होते. तात्यांचं खर्जातलं हसणं आतपर्यंत ऐकू येत होतं. ते हसणं थांबलं की तात्या उठले असं समजायचं, असं मनाशी ठरवून मी पेटीचं झाकण उचललं.

वर पटाशा, रंधे, गुण्या, दोन कंपास. सगळं तेलाचा हात फिरवून जागच्या जागी ठेवलेलं. तळाशी एक तांबडं फडकं, वर दोऱ्याची गाठ. गाठ सोडली. आत पोलादी पट्टी निघाली. जुनी, हाताच्या घामानं काळवंडलेली. एक पट्टी तर त्यांच्या बाकावर कायम पडलेली असायची. मग ही दुसरी फडक्यात बांधून कशाला?

मी माझ्या खणातली पट्टी आणली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. शून्याला शून्य लावलं. दहाच्या खुणेपाशी दोन्ही सारख्याच दिसत होत्या. शंभराच्या खुणेला त्यांची रेघ पुढे सरकली होती. तीनशेला तर उघड दिसत होतं. त्यांचे तीनशे माझ्या तीनशे तीनवर येत होते.

तीन मिलिमीटर. फौंड्रीतून आलेले आमचे दोन्ही तुकडे तेवढेच मोठे होते.

बाहेरचं हसणं थांबलं. मी पट्टी गुंडाळली, गाठ मारली, झाकण लावलं आणि वळले तर तात्या दारात. डोक्याला टॉवेल, हातात रिकामा डबा.

"काय म्याडम, काय हरवलं काय?"

"पेन्सिल."

"पेन्सिल? आनि ती हितं?" ते हसले. "तुमचं समदं तर त्या खोक्यात असतंय न्हवं?"

मी माझ्या टेबलाकडे गेले. मागून पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ कसलाच आवाज आला नाही.

ही एकोणीसशे नव्व्याण्णव सालची गोष्ट. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात अप्पा पोवारांचा पॅटर्न शॉप होता. फौंड्रीत ओतकाम करायचं तर आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती लागते, तिला पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबून ठसा घ्यायचा, त्या पोकळीत वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा, निवला की वस्तू तयार. केरबातात्या सुतार तिथे चाळीस वर्षं हे पॅटर्न करत होते. मी शरयू हेर्लेकर, गणितातली बी.एस्सी., वर पुण्यातला सहा महिन्यांचा संगणक-आरेखनाचा कोर्स. अप्पांनी हौसेनं संगणक घेतला आणि त्याच्यासोबत मी आले. तात्यांनी पहिल्या दिवशी पडद्याकडे बघून एवढंच म्हटलं होतं, "बगू, खोक्यातनं किती दिस लाकूड निघतंय." सगळे हसले होते. मी ते विसरले नव्हते.

कर्नाटकातल्या एका पंपवाल्या कारखान्याचं काम आलं होतं. पंपाचं बाहेरचं कवच, तीनशे मिलिमीटर रुंदीचं. त्यांनी नकाशा दिला आणि नमुन्याला एक जुना फुटका तुकडाही. मी नकाशावरून संगणकात ते कवच उभं केलं. राजारामपुरीतल्या प्लॉटिंगच्या दुकानातून त्याच्या कडांचा खऱ्या मापाचा मोठा कागद काढून आणला. त्या कागदावर आकडे नसत, नुसत्या रेघा. तात्या बाकावरच्या पट्टीनं कागद मोजून ती मापं लाकडावर उतरवायचे.

पहिला तुकडा तीन मिलिमीटर मोठा आला. दोष फौंड्रीवर गेला. दुसऱ्या फौंड्रीत ओतला, तोही तीनच मिलिमीटर मोठा. पाडव्याला अप्पांनी आम्हां दोघांना समोर उभं केलं.

"वाळूचा दोष न्हाई. रसाचा न्हाई. आता एक तर लाकूड चुकतंय, न्हाईतर संगणक. नवा पॅटर्न करा. अष्टमीला तुकडा माझ्या टेबलावर पायजे. तिसऱ्यांदा चुकला तर ज्याची चूक त्यानं घरला जायचं. मग चाळीस वर्सं असूदेत, न्हाईतर चार म्हैनं."

त्या वेळी तात्यांनी माझ्याकडे बघितलं होतं. ती नजर मला आवडली नव्हती.

आणि आता ही पट्टी. मी तासाभरानं अप्पांच्या केबिनमध्ये गेले, दार लोटून घेतलं.

"अप्पा, तात्यांची पट्टी खोटी आहे."

"खोटी म्हंजे?"

"वाढीव आहे. तीनशेला तीन मिलिमीटर. फडक्यात बांधून लपवून ठेवलीये. मी स्वतः ताडून बघितली."

अप्पांनी चष्मा काढला. मला वाटलं आता भडकणार. पण ते खुर्चीत मागे रेलून हसायला लागले, इतके की चहा सांडला.

"अगं पोरी! ती आकसाची पट्टी. लोखंड निवताना आकसतंय. मीटरमागं दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतोय. ही पट्टीच मुळात वाढवून आखलेली असतीया. कारागिरानं काय करायचं, नकाशात तीनशे असलं तर लाकडावर ह्या पट्टीनं तीनशे मापायचं. वाढ आपसूक येती, डोकं चालवाय लागत न्हाई. केरबाच्या बापाची पट्टी हाय ती. देव्हाऱ्यात ठेवावी तशी ठेवतोय." मग हसता हसता थांबून त्यांनी सहज विचारलं, "तू तुझ्या नकाशात वाढ धरली न्हाईस न्हवं?"

पुण्याच्या कोर्समध्ये आमच्या सरांनी सांगितलं होतं, वस्तू ओतकामाची असेल तर शेवटची पायरी, एक टक्का मोठी करा. माझ्या वहीत ते लाल शाईनं लिहिलेलं होतं. आणि मी ते केलं होतं. कुणाला न सांगता, कारण ते सांगायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

मी धरलेली वाढ, त्यावर पट्टीची वाढ. तीन मिलिमीटर कुठून आले ते त्या केबिनमध्ये उभ्या उभ्या मला कळलं.

"नाही," मी म्हणाले.

"मग झालं तर. आणि हे बघ, केरबाला पट्टीबद्दल काय इचारू नको. म्हातारा मनाला लावून घेतोय."

संगणकात वस्तू नुसतं चित्र म्हणून नसते. पडद्याच्या डाव्या बाजूला ती कशी घडली ते क्रमानं उतरत जातं. आधी गोल, मग आतली पोकळी, मग भोकं, मग कडांची गोलाई. एकेक पायरी, एकाखाली एक. त्यातली एखादी पुसली की वस्तू स्वतःला पुन्हा पहिल्यापासून घडवून घेते, जणू ती पायरी कधी नव्हतीच. माझ्या यादीत सगळ्यात खाली ती एक टक्क्याची पायरी होती. मी ती निवडली, पुसली. पडद्यावरचं कवच क्षणभर लुकलुकलं आणि किंचित आत आलं. डोळ्याला फरक कळणारही नाही, एवढंसंच.

कारखान्यात ती यादी वाचता येणारी मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा कागद काढून आणला. तात्यांच्या बाकाकडे गेले आणि दारातच थबकले. त्यांनी तो जुना फुटका तुकडा बाकावर घेतला होता आणि माझा पहिला कागद त्याच्यावर पसरून वाकून काहीतरी बघत होते. नखानं कडेवर खुणा करत होते. माझी चाहूल लागताच त्यांनी कागद घाईनं गुंडाळला.

माझ्या कागदाशी हा माणूस काय करतोय? खुणा कसल्या? अप्पांनी पट्टीचं खरं सांगितलं होतं, पण म्हणून म्हातारा साधा आहे असं थोडंच ठरत होतं? संगणक चुकला तर त्याचं राज्य राहणार होतं.

"तात्या, हा कागद लावा. तो जरा चुरगळलाय."

त्यांनी नवा कागद हातात घेतला, जुन्याकडे बघितलं. दोन्ही गुंडाळलेलेच राहिले.

"त्योच हाय न्हवं ह्यो?"

"तोच."

"बदल न्हाई काय?"

"नाही म्हटलं ना."

"बरं." आणि मग माझ्याकडे न बघता, "कुनी पेटीत हात घातला का न्हाई, तेबी कुनाला इचारायची सोय ऱ्हायली न्हाई आता. जावा."

मी गेले. आता सगळं जुळेल, मी स्वतःला सांगत होते. माझा कागद तीनशेचा, त्यांची पट्टी वाढीची. तुकडा बरोबर येईल, कुणाचं काही बिघडणार नाही, आणि मी जे बोलले ते कुणाला कधी कळणारही नाही.

पण पुढचे चार दिवस मी माझ्या टेबलावरून त्यांच्यावर नजर ठेवून होते. रंधा चालत होता, सागवानाचा भुसा उडत होता, अर्धगोल आकार घेत होता. तांबडं फडकं मात्र पेटीतून एकदाही बाहेर आलं नाही. बाकावरची साधी पट्टी तेवढी ते वापरत होते. मला वाटलं, मी बघते हे त्यांना कळलंय. ती पट्टी ते माझ्यामागे काढत असणार, मी चहाला जाते तेव्हा. म्हणून मी चहाला जाणं सोडलं. तरीही फडकं निघालं नाही. मग वाटलं, सकाळी माझ्याआधी येऊन काढत असतील. संशयाला एकदा जागा दिली की तो सगळं घर आपलं करतो.

संध्याकाळी मात्र आम्ही दोघं एकाच ठिकाणी असायचो. पेठेतल्या रामाच्या देवळात रामनवरात्राचं कीर्तन होतं, हरोलीकरबुवांचं. माझ्या वडिलांनी मला कडेवर घेऊन कीर्तनं ऐकवली. बुवांनी झांज उचलली, पेटीवाल्यानं सूर धरला की माझं सगळं दिवसभराचं गळून पडायचं. तात्या तिसऱ्या खांबाला टेकून बसायचे, डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ठेका धरत. एरवी असा माणूस दिसला तर मी मनातून नमस्कार केला असता. त्या आठवड्यात मला वाटायचं, हा डोळे मिटून काय बघतोय? कसला बेत करतोय? देवापुढे बसून मी दुसऱ्याचं पाप मोजत होते आणि माझं स्वतःचं मांडीखाली दाबून बसले होते. बुवांचं एकेक पद येऊन जायचं, मला एकही लागायचं नाही.

अष्टमीला दुपारी तुकडा आला. अजून कोमट होता. अप्पांनी स्वतः व्हर्निअर घेतला. एकदा मोजलं, पुसलं, पुन्हा मोजलं. सगळा शॉप भोवती जमला होता.

"दोनशे सत्त्याण्णव."

मागच्या पोरांनी वाकून व्हर्निअर बघितला.

"दोनशे सत्त्याण्णव!" अप्पांचा आवाज चढला. "मोठा आला असता तर घासला असता. लहान झाला त्याला लोखंड कुठनं चिकटवू?" मग ते तात्यांकडे वळले. "केरबा, पट्टी वापरली का न्हाईस?"

तात्या त्या तुकड्याकडे बघत होते. त्यांनी हात पुढे करून अंगठ्यानं त्याची कड चाचपली. मग मान वर केली. माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, पण मला तो फार वाटला.

"न्हाई वापरली," ते म्हणाले.

"का?"

"इसरलो."

"इसरलो? चाळीस वर्सांत एकदा इसरला न्हाईस ते आज इसरलास?"

"वय झालं."

अप्पा त्यांच्याकडे बघतच राहिले. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "मग घरला जा केरबा. माझा शब्द हाय, समद्यांसमोर दिलेला. जा."

तात्यांनी पेटी बंद केली. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात डबा. माझ्या टेबलावरून जाताना थांबले नाहीत. त्यांनी विसरलो म्हटलं ते खोटं होतं, हे शॉपमधल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला ते जास्तच भयंकर वाटलं. हा माणूस खोटं का बोलला? काय राखून ठेवलंय यानं? अप्पांना एकट्यात गाठून सांगणार? मी दार बंद झाल्यावरसुद्धा बराच वेळ दाराकडे बघत होते. तोंड मात्र मी उघडलं नाही.

संध्याकाळी देवळात जाऊ नये असं वाटत होतं. पण अष्टमीची सेवा अप्पांच्या घरची होती, गेले नसते तर दिसून आलं असतं. अप्पा गाभाऱ्यापाशी सोवळ्यात बसले होते. तिसऱ्या खांबाला तात्या होतेच, हत्यारांची पेटी शेजारी. म्हणजे घरी न जाता सरळ इकडेच आले होते.

बुवांनी भरतभेटीचं आख्यान लावलं होतं. आठ दिवस गाऊन त्यांचा घसा बसला होता. पूर्वरंग कसाबसा पार पडला. उत्तररंगात भरत चित्रकूटाला पोचला, रामानं त्याला दुरून पाहिलं, आणि तिथलं पद बुवांनी उचललं, तर ते उचललंच गेलं नाही. आवाज इतका खाली गेला की शब्द छातीतच राहिले. पेटी घुमतेय, बुवांचे ओठ हलतायत, आणि ऐकू काहीच येत नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. बुवांनी हात वर करून सगळं थांबवलं.

"काय हो दामूअण्णा," ते पेटीवाल्याकडे वळले, "आज पेटी कुठं धरलीये?"

दामूअण्णा ओशाळले. "बुवा, तुमचा घसा बसलेला दिसला. म्हटलं, न सांगता एक सूर खाली घ्यावं. तुम्हाला तेवढाच आराम."

बुवा असे हसले की त्यांना खोकला आला. "अहो, मीही मनाशी तेच केलं! वरून उचलायचं पद खालून उचललं. म्हटलं, कुणाला कळायला नको." ते श्रोत्यांकडे वळले. "बघा मायबाप! यांनी मला सावरलं, मी मला सावरलं, आणि दोघांनी मिळून रामरायाला विहिरीत उतरवलं!"

सगळं देऊळ हसलं. अप्पा हसले, माझ्या शेजारची म्हातारी पदर तोंडाला लावून हसली.

मी हसले नाही. मला तो कोमट तुकडा दिसत होता. दोनशे सत्त्याण्णव. माझ्या कागदातली वाढ मी काढली होती. आणि पट्टीतली वाढ कुणीतरी काढली होती, त्याच दिवसांत, न सांगता. विसरून नव्हे. जुन्या तुकड्यावर माझा कागद पसरून, नखानं कड पारखून, सगळं समजून काढली होती.

मी खांबाकडे बघितलं. तात्याही हसत नव्हते. ते माझ्याकडेच बघत होते.

आरतीची तयारी सुरू झाली तसे ते हत्यारांची पेटी उचलून बाहेर निघाले. मी मागोमाग पायऱ्यांवर आले. ते चपला शोधत होते.

"तात्या."

"बोला म्याडम."

"तो कागद तोच नव्हता."

"कळलं मला. दुपारी कडंला हात लावला, तवाच कळलं."

"मी त्यातली वाढ काढून टाकली होती."

"तर वं. न्हाईतर तुकडा लहान कशाला यील." एक चप्पल सापडली होती, दुसरीसाठी ते इकडेतिकडे बघत होते.

"आणि तुम्ही पट्टी वापरली नाहीत. मुद्दाम."

"तुमचा पैला कागद त्या जुन्या तुकड्यावर टाकून बगितला. समदीकडनं नखभर मोठा. म्हनलं, पोरीनं वाढ आदीच धरलीया, हितली रीत तिला कुनी सांगितली नसंल. मग पट्टी फडक्यातच ऱ्हाऊ दिली. कागदाबरहुकूम केलं, झालं."

"मग मला का नाही सांगितलंत? अप्पांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? पैली नोकरी तुमची. सायब हे असं तापट. चारचौघांत तुमची चूक काढली असती तर तुमास्नी लाज वाटली असती. म्हनलं, मुकाट्यानं जुळवून घेऊ, कुनाला कळायबी नको." दुसरी चप्पल पायात सरकवून ते सरळ उभे राहिले. "आनि तुमी? तुमी का न्हाई बोलला?"

आत झांजा सुरू झाल्या होत्या. आणखी एक खोटं बोलणं सोपं होतं. मला लाज वाटली म्हणून, असं म्हटलं असतं तर ते अर्धं खरंही झालं असतं.

"मला वाटलं, तुम्ही मला घालवण्यासाठी मुद्दाम बिघडवताय."

तात्यांनी पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"फडक्याची गाठ तुमीच सोडली हुती?"

"हो."

"उलटी मारली हुती. दोन दिस सुटंना." एवढंच म्हणून ते पायऱ्या उतरायला लागले.

"तात्या, थांबा. पाया पडते, थांबा तिथंच."

मी आत गेले. आरती संपत आली होती. अप्पा तबक घेऊन लोकांमध्ये फिरत होते. माझ्यापुढे आले तेव्हा मी ज्योतीवर हात धरले नाहीत.

"अप्पा, तुम्ही विचारलंत, नकाशात वाढ धरलीस का. मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. धरली होती. नंतर गुपचूप पुसली आणि तात्यांना सांगितलं की कागद तोच आहे. ते विसरले नाहीत. त्यांनी माझी चूक झाकायला पट्टी वापरली नाही."

तबकातली ज्योत हलत होती. मागची माणसं "पुढं, पुढं" करत होती. अप्पांना ते उलगडायला वेळ लागला. मग त्यांनी तबक दामूअण्णांच्या हातात दिलं आणि सोवळ्यातच बाहेर आले. तात्या शेवटच्या पायरीवर उभे होते.

"केरबा! तू तर इसरलो म्हनलास की रं!"

"इसरलोच की," तात्या म्हणाले. "हिला इचारायला इसरलो."

अप्पा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता माझं नाव निघणार. मी त्याची तयारी करूनच आले होते.

"ज्याची चूक त्यानं घरला जायचं, असं म्हनलो हुतो मी," ते म्हणाले. "दोघं गेला तर शॉपचं कुलूप कुनी उघडायचं? परवा सकाळी आठला दोघंबी हजर व्हा. आनि पोरी, देवापुढं बोललीस ते बरं केलंस. पण हे त्याच दिशी बोलायचं हुतंस. माझ्यापुढं." तीर्थाचा हात पुसावा तसा त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "खोटं बोलनाऱ्या मानसाला मी ठेवत न्हाई. तुला का ठेवतोय ते केरबाला इचार."

मी तात्यांना कधीच विचारलं नाही.

पंपवाल्यांनी आणखी आठ दिवस दिले. नवा कागद मी तात्यांच्या बाकावर पसरला तेव्हा त्यांनी लाल पेन्सिल माझ्या हातात दिली. "कोपऱ्यात लिवा."

"काय लिहू?"

"वाढ धरली का न्हाई ते. आनि मोठ्यानं वाचा."

मी लिहिलं आणि सगळ्या शॉपला ऐकू जाईल असं वाचलं, "वाढ धरलेली नाही."

"न्हाई धरली!" तात्यांनी मागून कीर्तनातल्यासारखी झील दिली, आणि तांबडं फडकं सोडलं. तुकडा तीनशेला तीनशे आला.

सगळं सुरळीत झालं असं म्हणायला मला आवडलं असतं. तात्या माझ्याशी बोलायचे, चहा पाजायचे, खोक्यावरून चिडवायचे. पण त्यांच्या पेटीला कुलूप आलं. ते दसऱ्यापर्यंत होतं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, आणि दुसऱ्या दिवशी बघितलं तर नव्हतं.

आता लाकडी पॅटर्न थोडेच राहिलेत. संगणकातली वस्तू सरळ यंत्राकडे जाते, यंत्र ठोकळा कोरून काढतं. माझ्या हाताखाली सहा मुलं-मुली आहेत, माझ्यापेक्षा भराभर काम करतात. पडद्याच्या डाव्या बाजूला पायऱ्या अजूनही तशाच उतरतात. त्यांना संगणक आपली नावं देतो, गोल एक, पोकळी दोन, भोक तीन. ती नावं बदलता येतात, पण सहसा कुणी त्या फंदात पडत नाही. मी सगळी नावं तशीच राहू देते. शेवटच्या एका पायरीचं नाव मात्र आमच्याकडे ठरलेलं आहे. जिथे आकसाची वाढ धरलेली असते, तिथे लिहिलेलं असतं, केरबा.

नवीन लागलेलं मूल पहिल्या आठवड्यात हमखास विचारतं, "मॅडम, हा केरबा काय आहे? पुसू का?"

"विचारलंस ते बरं केलंस," मी म्हणते, आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढून घेते.